पाणी तपासताना पाणी नासू नये

साळ नदी जेथे समुद्राला मिळते, त्या बेतूल-मोबोरच्या परिसरात ओहोटी लागली की कंबरभर पाण्यात उतरून तिसऱ्या आणि खुबे वेचणारी माणसे आजही दिसतात. पाणी चांगले की नासलेले हे ओळखण्याची त्यांची साधने म्हणजे डोळे, नाक आणि पायांखालचा चिखल. सरकारपाशी यापेक्षा अधिक विश्वसनीय साधन आहे, आणि ते असावयासच हवे. अधिकारी बाटली भरून नेतात, प्रयोगशाळेत ती तपासली जाते आणि काही दिवसांनी एक आकडा कागदावर उमटतो. त्या आकड्यावर पुढे बैठका होतात, विधानसभेत प्रश्न विचारले जातात, त्यांना उत्तरेही मिळतात. परंतु तो आकडा ज्या परीक्षेतून निघतो ती परीक्षा कशी केली जाते, ती उत्तर केव्हा देते आणि उत्तर दिल्यानंतर काचपात्रात काय उरते, याची चौकशी करण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. आज आम्ही ती करू इच्छितो. विषय रसायनशास्त्राचा असला तरी तो केवळ रसायनशास्त्रज्ञांवर सोपवून इतरांनी स्वस्थ बसावे असा नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले. गोव्यासारख्या चिमुकल्या राज्याच्या वाट्याला त्यांतील ११ पट्टे आले आणि खारेबांद ते मोबोर हा साळ नदीचा पट्टा त्यांत होता. या निवडीचा आधार होता जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे ज्याला सरकारी कागदपत्रांत बीओडी म्हणतात ते माप. पाण्यातील सेंद्रिय घाण खाऊन टाकताना सूक्ष्म जंतूंना किती प्राणवायू लागतो ते यावरून कळते. लिटरमागे ही मागणी ३ मिलिग्रॅमच्या वर गेली की नदी आजारी समजावयाची.

या परीक्षेचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. ब्रिटनमध्ये मलनिस्सारणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या राजेशाही आयोगाने १९१२ सालच्या आपल्या आठव्या अहवालात नदीत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी जी मर्यादा घालून दिली, ती पाच दिवसांच्या परीक्षेवर आधारलेली होती. पाचच दिवस का? तर ब्रिटनमधील नद्यांचे पाणी तेवढ्या अवधीत समुद्राला जाऊन मिळते म्हणून, असे सांगितले जाते. आपल्याकडील हवा उष्ण आणि जंतूंची भूक अधिक, म्हणून भारतात ही परीक्षा २७ अंश सेल्सियसवर तीन दिवस करतात. तीन दिवस हा अवधी प्रयोगशाळेच्या दृष्टीने अल्प असेल. नदीच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. आमच्या खाड्यांत दिवसातून दोन वेळा भरती येते. बाटलीतील पाण्याचे उत्तर मिळेपर्यंत समुद्राचे पाणी सुमारे सहा वेळा आत येऊन परत गेलेले असते. ज्या टँकरने रात्रीच्या अंधारात घाण ओतली तो घरी गेला, ज्या माशांना ती बाधावयाची त्यांना ती बाधली, आणि आपल्या हाती राहिला तो गेल्या आठवड्यातील पाण्याचा दाखला.

हा विलंब टाळावा म्हणून दुसरी परीक्षा आली. तिचे नाव रासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजे सीओडी. येथे जंतूंची वाट पाहावी लागत नाही. त्यांचे काम जहाल रसायनांकडून करून घेतात. नमुन्यात पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घालून तो दोन तास उकळत ठेवावयाचा, म्हणजे पाण्यातील बहुतेक सेंद्रिय द्रव्य जळून जाते, आणि किती डायक्रोमेट खर्ची पडले त्यावरून घाण मोजता येते. ज्वलन नीट व्हावे म्हणून चांदीचा क्षार घालतात. पाण्यातील मीठही डायक्रोमेट खाते व खोटा हिशेब दाखविते, म्हणून त्या मिठाला बांधून ठेवण्यासाठी पाऱ्याचा क्षार, मर्क्युरिक सल्फेट, घालतात. कारखान्याच्या सांडपाण्याला सामान्यतः लिटरला २५० मिलिग्रॅम सीओडीची जी मर्यादा आपल्या नियमांत आहे, ती या परीक्षेने पडताळली जाते. अनेक दशके जगभर हेच चालले आहे आणि ही परीक्षा खात्रीची आहे, यात वाद नाही.

आता काचपात्रात उरते काय ते पाहू. जुन्या, पूर्ण प्रमाणाच्या पद्धतीत ५० मिलिलिटर नमुन्यासाठी १ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट घेतात. त्यात पारा असतो सुमारे ६७६ मिलिग्रॅम. आपल्याच देशाच्या नियमांनुसार नदीत, गटारात अथवा समुद्रात सोडावयाच्या सांडपाण्यात पाऱ्याची कमाल मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. त्रैराशिक मांडण्यास गणिताचे पांडित्य नको. एका परीक्षेतील पारा या मर्यादेपर्यंत विरळ करावयाचा तर ६७,६०० लिटर पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ सात टँकर. पेलाभर पाणी किती घाणेरडे आहे हे समजून घेण्यासाठी सात टँकर पाणी नासविण्याएवढे विष आपण तयार करतो. एखादी प्रयोगशाळा दिवसाला अशा दहा परीक्षा करीत असेल आणि वर्षाला अडीचशे दिवस उघडी राहत असेल, तर वर्षाकाठी दीड किलोहून अधिक पारा तिच्या बरण्यांत साठतो. त्याच्या जोडीला क्रोमियम, चांदी आणि आम्ल.

येथे अतिशयोक्ती करण्याचा मोह टाळला पाहिजे. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली जो भयंकर रोग उघडकीस आला तो एका रासायनिक कारखान्याने वर्षानुवर्षे उपसागरात सोडलेल्या पाऱ्याचा परिणाम होता, आणि त्याची तुलना प्रयोगशाळेतील चंचुपात्राशी करणे हा विपर्यास ठरेल. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांनुसार हे द्रव्य निराळे साठवून विल्हेवाटीसाठी पाठवावे लागते, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळा तसे करीत असतील असेच आम्ही समजतो. प्रश्न आहे तो इतर ठिकाणांचा. सीओडीची परीक्षा आता केवळ सरकारी प्रयोगशाळेत होत नाही. ती कारखान्याच्या आवारातील खोलीत होते, मोठ्या हॉटेलांच्या सांडपाणी प्रकल्पांवर होते, महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांत होते. प्रात्यक्षिक संपले, वहीवर सही झाली, मग चंचुपात्र कोठे रिकामे होते? हा प्रश्न प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या परिचरास एकदा विचारून पाहावा. खाडीच्या प्राणवायूविरहित चिखलातील जंतू साध्या पाऱ्याचे रूपांतर मिथिल पाऱ्यात करू शकतात आणि तो माशांच्या देहात साठत जातो, हे मिनामातानंतर शास्त्राला पक्के ठाऊक झाले आहे. खारफुटीचा चिखल आणि माशांवर जगणारी वस्ती या दोन्ही गोष्टी आमच्यापाशी आहेत. तेव्हा प्रमाण अल्प असले तरी बेफिकिरी परवडणारी नाही.

किनारपट्टीच्या प्रदेशाला या परीक्षेचा आणखी एक जाच आहे, आणि त्याची चर्चा जेथे नद्या गोड्या आहेत तेथील तज्ज्ञ करीत नाहीत हे स्वाभाविक आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. मिठाला बांधण्यासाठी क्लोराइडच्या दसपट मर्क्युरिक सल्फेट घालावयाचे, असा या परीक्षेचा दंडक आहे. म्हणजे निव्वळ खाऱ्या पाण्याचा ५० मिलिलिटर नमुना घेतला तर १ ग्रॅमऐवजी साडेनऊ ग्रॅम पाऱ्याचा क्षार ओतावा लागेल. तसे कोणी करीत नाही. नमुन्यात गोडे पाणी मिसळून तो विरळ करतात. परंतु विरळ केला की त्यातील घाणही विरळ होते आणि मोजमाप संदिग्ध बनते. वैशाखात खाऱ्या आणि श्रावणात गोड्या होणाऱ्या, किंबहुना एकाच दिवसात दोन वेळा आपली चव पालटणाऱ्या आमच्या नद्यांसाठी ही परीक्षा कधीच योजलेली नव्हती. अधिक विष ओतून कमी खात्रीचे उत्तर मिळवावयाचे, असा हा व्यवहार आहे.

पाणी तपासण्याच्या इतर जुन्या परीक्षाही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. अमोनिया ओळखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या नेसलर द्रावणात पाराच असतो. नायट्रेट मोजण्याच्या एका प्रचलित पद्धतीत नमुना कॅडमियमच्या कणांतून गाळावा लागतो. फिनॉल अल्प प्रमाणात शोधावयाचे तर क्लोरोफॉर्म लागतो. तेल आणि वंगण यांची कथा तर विशेष बोधप्रद आहे. पाण्यात तरंगणारे तेल वेगळे काढण्यासाठी अमेरिकेतील प्रयोगशाळा फ्रेऑन नावाचे द्रव्य वापरीत. पुढे हेच द्रव्य पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला भोके पाडणाऱ्यांपैकी एक ठरले आणि १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याचे उत्पादन बंद करण्याचे ठरले. म्हणजे समुद्राची काळजी घेणारी परीक्षा आकाशाचा नाश करीत होती. तेथील पर्यावरण संस्थेने १९९९ साली फ्रेऑनऐवजी हेक्झेन वापरण्याची नवी पद्धत अधिकृत केली. हेक्झेनही काही गंगाजल नव्हे. तरी जी पद्धत नियमांत छापली गेली ती बदलताच येत नाही, या समजुतीला या उदाहरणाने चांगलाच धक्का दिला.

या क्षेत्रात सुधारणा दोन निरनिराळ्या वाटांनी झाल्या आणि पुढे त्या वाटा एकमेकींस मिळाल्या. पहिली वाट होती यंत्राची. १९५० च्या दशकात अमेरिकेतील लिओनार्ड स्केग्ज यांनी रक्ताच्या तपासणीसाठी असे यंत्र बनविले की, ज्यात नमुने एकामागून एक नळीतून वाहत जातील, त्यांच्यामध्ये हवेचे बुडबुडे सोडलेले असतील आणि रसायने आपोआप मिसळली जातील. हेतू होता मनुष्यबळ आणि वेळ वाचविण्याचा. १९७५ साली डेन्मार्कमध्ये रुझिका आणि हान्सेन या दोघा संशोधकांनी बुडबुडेच काढून टाकले. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास व्यासाच्या नळीतून रसायनाचा प्रवाह सतत चालू ठेवावयाचा आणि त्यात नमुन्याचे काही थेंब सोडावयाचे, एवढीच त्यांची युक्ती. तिला प्रवाह-अंतःक्षेपण असे भारदस्त नाव देता येईल. या यंत्रात एका परीक्षेला काही सेकंद ते काही मिनिटे पुरतात, आणि जेथे चंचुपात्रभर रसायन लागत असे तेथे चमच्याहूनही कमी लागते. काटकसर हा मूळ हेतू नव्हता. तो लाभ पदरात आपोआप पडला.

दुसरी वाट विचारांची होती. रसायनशास्त्राने आपला कचरा नंतर निस्तरण्यापेक्षा मुळातच तो निर्माण करू नये, ही भूमिका १९९० च्या दशकात अमेरिकेत पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी मांडली. पोलंडमधील काही रसायनशास्त्रज्ञांनी २०१३ साली तिला तपासणीच्या शास्त्राला साजेशी बारा सूत्रे दिली. नमुना शक्यतो जागच्या जागी तपासावा, तो लहान असावा, विषारी द्रव्ये टाळावीत, वीज वाचवावी, कचऱ्याची व्यवस्था लावावी आणि परीक्षा करणाऱ्या माणसाच्या जिवाला जपावे, अशा स्वरूपाची ही सूत्रे आहेत. पुढे २०२० साली या बारा कसोट्यांवर कोणत्याही पद्धतीला शून्य ते एक यांमधील गुण देणारी एक रीतही निघाली. घड्याळाच्या तबकडीसारख्या आकृतीत बारा खाने हिरव्या, पिवळ्या वा तांबड्या रंगाने भरले जातात. आमच्या मते प्रत्येक सरकारी प्रयोगशाळेने आपल्या परीक्षांच्या अशा तबकड्या भिंतीवर लावाव्यात. सीओडीच्या जुन्या परीक्षेची तबकडी कोणत्या रंगाने भरेल, हे सांगावयास नको.

मग पाऱ्याला पर्याय काय? एक अगदी सोपा आहे आणि त्यासाठी कोणताही क्रांतिकारक शोध लागावयाचा नाही. तीच परीक्षा बंद नळीत, लहान प्रमाणात करावयाची. येथे नमुना लागतो अडीच मिलिलिटर, आणि पाऱ्याचा क्षार विसाव्या हिश्श्यावर येतो. ज्या महाविद्यालयांत अद्याप मोठी चंचुपात्रे उकळत असतील, त्यांना उद्यापासून हा बदल करता येईल. दुसरा पर्याय अधिक मूलगामी आहे. प्राणवायूची मागणी मोजण्याऐवजी पाण्यातील एकूण सेंद्रिय कर्बच मोजावयाचा. सुमारे ६८० अंशांवर तापविलेल्या भट्टीत नमुन्याचे थेंब सोडतात. घाण जळून तिचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो यंत्र मोजते. यात पारा नाही, क्रोमियम नाही, आणि उत्तर काही मिनिटांत मिळते. युरोपीय संघाने २०१६ साली रासायनिक उद्योगांच्या सांडपाण्याविषयी जे निर्देश दिले, त्यांत सेंद्रिय कर्ब मोजण्यास प्राधान्य दिले असून त्याचे कारणही स्पष्टपणे नोंदविले आहे: या पद्धतीत अतिविषारी द्रव्ये वापरावी लागत नाहीत. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठात टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरावर अतिनील प्रकाश पाडून सेंद्रिय द्रव्य जाळण्याची युक्ती काढण्यात आली आणि तिच्यावर चालणारी यंत्रे बाजारातही आली. आणखी एक पर्याय म्हणजे पाण्यात बुडवून ठेवावयाची प्रकाश-शलाका. ती अतिनील किरण पाण्यातून पाठविते, किती किरण शोषले गेले ते पाहते आणि त्यावरून घाणीचा अंदाज बांधते. रसायनाचा एक थेंबही लागत नाही.

शेवटचा पर्याय ऐकावयास सर्वांत गोड वाटतो. म्हणूनच त्याविषयी अधिक सावध राहावयास हवे. साखर, मद्यार्क आणि शिरकाम्ल ही द्रव्ये या शलाकेला जवळजवळ दिसतच नाहीत, कारण त्या तरंगलांबीचे किरण ती शोषीत नाहीत. म्हणजे मद्याच्या वा शीतपेयाच्या कारखान्यातून माशांचा प्राणवायू हिरावून घेणारे पाणी वाहत असले, तरी शलाका ते निर्मळ असल्याचा निर्वाळा देऊ शकेल. ज्या पाण्यात ती ठेवावयाची त्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासून तिचा हिशेब वेळोवेळी जुळवून घेतला, तरच तिच्या शब्दाला किंमत. सेंद्रिय कर्बाच्या भट्टीलाही आपले दोष आहेत. ती सतत तापलेली ठेवावी लागते, वीज खाते, आणि खाऱ्या पाण्यातील मीठ तिच्या नळीत साचून ती लवकर निकामी होते. हिरवे म्हणजे निर्दोष नव्हे, आणि स्वयंचलित म्हणजे सत्यवचनी नव्हे. यंत्र विकणारे हे दोन्ही शब्द एका दमात उच्चारतात. सरकारी खरेदी समित्यांनी ते एका दमात गिळू नयेत.

यंत्रांचा अनुभव आपल्या देशाला नवा नाही. केंद्रीय मंडळाने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी अतिप्रदूषक ठरविलेल्या सतरा प्रकारच्या उद्योगांना आदेश दिला की, त्यांनी आपल्या धुरांड्यांवर व सांडपाण्याच्या नळांवर अहोरात्र चालणारी मापनयंत्रे बसवावीत आणि त्यांचे आकडे थेट मंडळाकडे पाठवावेत. हे पाऊल योग्यच होते. परंतु ज्याच्यावर पहारा ठेवावयाचा त्यानेच पहारेकरी विकत आणावयाचा, त्याला पगार द्यावयाचा आणि तो झोपला तर जागेही त्यानेच करावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. शिवाय निसर्गही मदत करीत नाही. आमच्या उबदार खाऱ्या पाण्यात बुडविलेल्या कोणत्याही वस्तूवर थोड्याच दिवसांत बुळबुळीत थर चढतो आणि मग शंख-शिंपले वस्तीला येतात. होडीचा तळ खरवडणाऱ्या खारव्यास हे सांगावे लागत नाही. शलाका पुसण्यासाठी माणूस हवा, ज्येष्ठातील विजांपासून ती वाचविण्याची सोय हवी, वीज गेली तर पर्याय हवा. यंत्राच्या किमतीची तरतूद अर्थसंकल्पात होते. ते पुसणाऱ्या माणसाच्या पगाराची होते की नाही, हे आम्ही दर वेळी विचारीत राहू.

कायद्यातही एक मोठी फट आहे. जलप्रदूषणाच्या प्रतिबंधाचा कायदा संसदेने १९७४ साली केला. त्याच सुमारास सांकवाळच्या पठारावरील खत कारखान्याच्या सांडपाण्याने वेळसांवच्या किनाऱ्यावर मासे मेले आणि आर्सेनिक हा शब्द गोव्यातील घराघरांत पोचला. वडीलधाऱ्या वाचकांना ते दिवस आठवत असतील. या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना घेताना संबंधितास सूचना द्यावी लागते, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावे लागतात, दोन्ही बाटल्यांवर मोहोर व सह्या घ्याव्या लागतात, आणि हे सोपस्कार पार पडले नाहीत तर तपासणीचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. बाटलीच्या युगात ही तरतूद न्याय्य होती. निरपराध कारखानदाराला तिचे संरक्षण होते. नदीत बुडालेल्या शलाकेने मात्र कोणाला सूचना द्यावयाची आणि प्रकाशाच्या किरणाचे दोन भाग करून मोहोर कोठे लावावयाची? यंत्राने पहाटे तीन वाजता चोरी पकडली, तरी त्या चोरीचा खटला उभा करण्यासाठी दिवसाउजेडी बाटली घेऊन जावेच लागते. तोवर चोर सावध झालेला असतो. यंत्राचा आकडा कोणत्या अटींवर पुरावा मानावा, त्याची जुळणी कोणी व किती दिवसांनी तपासलेली असावी, हे संसदेने कायद्यात लिहिल्यावाचून स्वयंचलित तपासणीवर खर्च होणारा पैसा पुष्कळसा शोभेचा ठरणार.

गोव्यापुरते बोलावयाचे तर खरा प्रश्न कारखान्याच्या नळापुरता मर्यादितही नाही. साळ नदीला मारले आहे ते प्रामुख्याने घरांनी, इमारतींनी आणि हॉटेलांनी. गटारांनी, झिरपणाऱ्या शोषखड्ड्यांनी आणि मैल्याचे टँकर कोठेही रिकामे करणाऱ्यांनी. मडगावात शिरवडे येथे आणि पणजीत टोंक येथे मलशुद्धीकरणाचे प्रकल्प आहेत, परंतु नळाला जोडले न गेलेल्या घराचा मैला प्रकल्पाच्या दारातील यंत्राला कधीच दिसत नाही. यास्तव मापनयंत्र बसवावयाचे ते नदीच्या पात्रात: मडगावच्या खाली खारेबांदला, मध्ये असोळण्यापाशी आणि मुखाशी बेतूलला. अमोनिया, विरघळलेला प्राणवायू, क्षारता आणि सेंद्रिय द्रव्य एवढी चार मापे जरी दर अर्ध्या तासाला मिळाली, तरी घाण कोठून व कोणत्या वेळी येते याचा माग काढता येईल. रात्री दोन वाजता अमोनिया चढतो आणि पहाटे उतरतो, असे आठ दिवस दिसले तर नवव्या रात्री पोलिसांनी कोणत्या रस्त्यावर उभे राहावयाचे, हे कोणा तज्ज्ञाला विचारण्याची गरज पडणार नाही.

रोगजंतूंच्या बाबतीत घाई याहून अधिक हवी. २०२४ च्या पावसाळ्यात कुटबणच्या धक्क्यावर, म्हणजे याच साळ नदीच्या काठी, ट्रॉलरांवर राबणाऱ्या परप्रांतीय कामगारांत पटकीची साथ पसरली आणि काहींना प्राण गमवावे लागले. ती माणसे कोठे राहत होती, कोठले पाणी पीत होती आणि शौचाला कोठे जात होती, याविषयी त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले. पाण्यातील मलजंतू मोजण्याची जुनी परीक्षा एक ते चार दिवस घेते. सांडपाण्याचे नमुने नियमितपणे घेऊन रोगजंतूंच्या जनुकांचा माग काढण्याची पद्धत कोरोनाच्या काळात जगभर रूढ झाली, आणि रुग्णालयात पहिला रोगी येण्यापूर्वी गटाराने वर्दी दिल्याची उदाहरणे नोंदली गेली. ही पद्धत महाग आहे आणि प्रत्येक गावी ती नको. मात्र हजारो माणसे दाटीवाटीने राहणाऱ्या धक्क्यावर ती पावसाळ्याचे चार महिने चालविणे या राज्याला न झेपणारे नाही. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावल येथे आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे. खाऱ्या पाण्यात चालेल अशी, पारा न वापरणारी आणि आमच्या चिखलाला व शिंपल्यांना पुरून उरणारी परीक्षा कोणती, हे ठरविण्यास याहून योग्य स्थळ पश्चिम किनाऱ्यावर क्वचितच सापडेल. परदेशी यंत्राचे माहितीपत्रक वाचून ते ठरवावयाचे नाही. साळ नदीच्या बाराही महिन्यांच्या पाण्यावर दोन्ही परीक्षा शेजारी शेजारी करून ठरवावयाचे आहे. एका वर्षाचे हे काम आहे, आणि त्याला लागणारा पैसा पर्यटनाच्या एखाद्या महोत्सवाहून अधिक नसावा, असा आमचा तर्क आहे.

तोवर राज्य मंडळाने दोन गोष्टी करण्यास कोणाच्याही परवानगीची वाट पाहू नये. आपल्या अखत्यारीतील व आपल्याकडे अहवाल पाठविणाऱ्या सर्व प्रयोगशाळांकडून वर्षाला किती पारा विकत घेतला आणि त्यातील किती विल्हेवाटीसाठी पाठविला, याचा हिशेब मागवावा. खरेदी आणि विल्हेवाट यांतील फरक कोठे गेला, हे मोरीला विचारावे लागू नये. दुसरी गोष्ट आकडे प्रसिद्ध करण्याची. गुजरातेतील पर्यावरण सुरक्षा समितीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये असे आकडे लोकांना सतत पाहता येतील अशी व्यवस्था करण्यास राज्यांना बजावले आहे. संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी संक्षेपांच्या कोष्टकात ते दडवून ठेवल्याने त्या आज्ञेचे पालन होईल, पण खुबे वेचणाऱ्या बाईला ते कळणार नाहीत. कुटबणच्या धक्क्यावर आणि असोळण्याच्या बाजारात एक फळा लावावा. त्यावर पाण्यात प्राणवायू किती, घाण किती आणि शिंपले खाण्याजोगे आहेत की नाहीत, हे रोज सकाळी देवनागरीत आणि रोमी लिपीत लिहावे. मोजणी भरतीच्या पाण्याची की ओहोटीच्या, तेही त्याखाली लिहावे.